भागीतला कॉम्प्युटर आणि बेस्तरवारची हळद

महिपत मास्तर म्हणाले, "डिस्कचे दोन भाग करू," तेव्हा माझ्या बाहेरच्या खोलीत अकरा माणसं होती आणि डिस्क म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. अकरात मीही आलो आणि मास्तरही आले. हे मी आज लिहितोय. त्या रविवारी सकाळी कुणी असं बोललं असतं, तर त्याला मी खाडीत ढकलला असता.

कॉम्प्युटर भागीत घेतलेला. अर्धा माझा, अर्धा सिल्वेस्टरचा. मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत स्टोअरकीपर, सिल्वेस्टर तिथेच दोन गल्ल्या सोडून ड्राफ्ट्समन. कळव्याच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा. त्याच्या एका टोकाला गावदेवी, तिथे माझं घर. दुसऱ्या टोकाला क्रूस, तिथे त्याचं. कॉम्प्युटर राहायला माझ्याकडे, कारण सिल्वेस्टरच्या बायकोने, लुर्दसने, सांगितलेलं की त्या टेबलावरून मदर मेरी हलणार नाही, हलली तर नवरा हलेल.

हौस म्हणून घेतलेला नव्हता. एका सरकारी कचेरीची नोटीस आलेली. कचेरीचं नाव घेत नाही, ती माणसं नावाचाही उतारा मागतील. नोटिशीत म्हटलेलं: गावठाणातल्या सर्व घरांची यादी, मालकाचं नाव, वारस आणि किती वर्षांची वस्ती, असं सगळं मंगळवार, तेवीस तारखेपर्यंत द्या. यादीत नसलेलं घर 'अतिक्रमण' धरलं जाईल. आमचे पणजोबा इथे बोंबील वाळवत होते तेव्हा त्या कचेरीच्या जागी चिखल होता. चिखलात खेकडे होते. पण खेकड्यांनी कधी कुणाकडे अर्ज मागितला नाही.

तर तीन महिने मी रोज कामावरून येऊन यादी टाईप केली. मराठीत, एका बोटाने. एकशे त्रेचाळीस घरं. शेवटचं घर टाईप केलं त्या दिवशी सगुणाने, म्हणजे माझ्या बायकोने, गोड केलेलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर यादी क्रुसाच्या टोकापासून सुरू! माझं घर, जे पहिलं होतं, ते एकशे त्रेचाळिसावं.

मी गपचूप उलटी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुलटी. म्हणजे त्याच्या मते सुलटी.

"गाव क्रुसापासून सुरू होतं रे," सिल्वेस्टर म्हणाला. "रस्ता तिथून आत येतो."

"रस्ता परवा आला, सिल्या. गाव खाडीतून आलंय. खाडी माझ्याकडे."

"मग होडीतून जा कचेरीत."

दोन फायली करता आल्या असत्या, एक त्याची आणि एक माझी. हे आत्ता तुम्हाला सुचलं. तेव्हा आम्हाला सुचलं नाही, कारण आम्ही विचार करत नव्हतो, भांडत होतो.

सिल्वेस्टरला सुचलं ते भलतंच. त्याच्या साहेबाच्या टेबलावर एक इंग्रजी मासिक पडलेलं, त्याबरोबर एक सीडी फुकट. सीडीवर लिनक्स. मासिकात लिहिलेलं की एकाच कॉम्प्युटरवर विंडोजही राहतं आणि लिनक्सही राहतं, चालू करताना विचारतं, कोण पाहिजे? एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. "तू तुझ्या विंडोजात गावदेवीपासून सुरू कर," तो म्हणाला, "मी माझ्या लिनक्सात क्रुसापासून. भांडण खलास." मला पटलं. एका स्वयंपाकघरात दोन जावांच्या दोन चुली आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. त्यात पटण्यासारखं काय नव्हतं?

काम करायला डोंबिवलीहून महिपत मास्तर आणलेले. त्यांची तीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट. गेल्याच वर्षी पाटीवर 'व कॉम्प्युटर' एवढं वाढवलेलं. मास्तर कडक माणूस. बॅकस्पेस दाबणं हा त्यांच्या मते चारित्र्यातला दोष. कीबोर्डसमोर बसले की पाठ ताठ, मनगटं वर, आणि चुकून काही चुकलं तर पान फाडायला हात वर जायचा. पान नसायचं. मग ते नुसतेच वर बघायचे.

"आधी बॅकअप घ्यावा असं ह्यात लिहिलंय," मास्तर मासिक धरून म्हणाले.

"आहे ना," मी म्हणालो. "कागदावरची यादी मंगळवारी द्यायचीय, पण तिची फ्लॉपी गेल्याच महिन्यात अर्जाबरोबर कचेरीत दिलीय. सरकारी ताब्यात आहे. ह्याहून सुरक्षित काय?"

ह्या वाक्याबद्दल मला आजही कुणी दोन थोबाडीत मारल्या तर मी हात धरणार नाही.

तासाभराने मास्तरांनी डिस्कचे दोन भाग पाडले. एक आधीचा, भरलेला. एक नवा, रिकामा. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि खाली प्रश्न: लिनक्स कुठल्या भागात घालू? मास्तर बोट उचलून उत्तर देणार एवढ्यात मागून आवाज आला, "थांबा."

भिवाजी तांडेल. वय पंचाहत्तर, चाळीस वर्षं होडी चालवलेली, आता घरोघर जाऊन लोकांची चूक काढतात.

"दोन मालकांची वस्तू हाय ना? मंग वाटा असा परस्पर कोन टाकतो?"

आमच्याकडे भागीच्या होडीत म्हावरं आलं की त्याचे दोन ढीग करतात. मग एक मालक ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. तांडेल एका ढिगावर हात ठेवून विचारतो, "ह्यो कुनाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याचा तो ढीग. त्यात पापलेट निघो नाहीतर नुसता कचरा. एकदा बोललेला वाटा फिरवायचा नाही. फिरवला तर पुढल्या खेपेला जाळं रिकामं येतं. शंभर वर्षांत कुणी फिरवलेला नाही आणि रिकामं जाळं रोज कुणा ना कुणाचं येतंच. पण ते दुसऱ्या कारणाने.

"अहो तांडेल, हे मासे नाहीत," मास्तर म्हणाले.

"मासं नसतील. मालक दोन हायत."

अकराच्या अकरा माना हलल्या. माझीही हलली. सिल्वेस्टर गुपचूप उठला, कॉम्प्युटरकडे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिला आणि त्याने डोळेही मिटले, जे आवश्यक नव्हतं. तांडेलांनी बाहीने बोट पुसून पडद्यावरच्या वरच्या ओळीवर ठेवलं.

"ह्यो कुनाचा?"

"माझा!" सिल्वेस्टर ओरडला.

"झाला," तांडेल म्हणाले. "वरचा ह्याचा, खालचा गुणाजीचा. घाला काय घालायचं ते."

मास्तरांनी वरच्या ओळीत लिनक्स घातलं. मधे एकदा मशीनने लाल चौकटीत विचारलं की इथलं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? मास्तर तांडेलांकडे बघायला लागले. तांडेल म्हणाले, "बोललेला वाटा." मास्तरांनी 'हो' दाबलं. बॅकस्पेस न दाबता.

दोन तास सीडी घुरघुरली. मग मास्तरांनी मशीन बंद करून चालू केलं आणि पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं आली: एल आणि आय. बस. पुढे काही नाही. वाट पाहिली. बंद करून पुन्हा चालू. एल, आय.

"बोलताना मधेच थांबलंय," सगुणा म्हणाली. "माझे सासरे शेवटी असेच थांबायचे."

"थंडी लागली असेल. पंखा बंद करा."

"गरम झालं असेल. पंखा लावा."

"नारळ फोडलेला का आणला तेव्हा? नाही ना? मग!"

नारळ फोडला. पाणी सीपीयूवर शिंपडायला निघालेल्या माणसाला मी दंडाला धरून बाहेर काढला, तो माझा सख्खा मेहुणा होता आणि पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मासिकात ह्या दोन अक्षरांची कारणं बारीक टायपात दिलेली. मास्तरांनी ती एकेक करून वाचली आणि शेवटी कुठल्याशा फायलीत एक शब्द वाढवला. जेवणं झाल्यावर मशीन सुरू झालं. पडद्यावर ओळींचा असा धबधबा, की तांडेलसुद्धा टोपी काढून उभे. खाली येऊन ते थांबलं आणि म्हणालं: लॉगिन.

"नाव विचारतंय," मास्तर म्हणाले.

सिल्वेस्टरने शर्टाची कॉलर नीट केली आणि स्वतःचं पूर्ण नाव टाईप केलं, बापाच्या नावासकट. मशीनने सांगितलं: इनकरेक्ट.

"पुन्हा मार."

इनकरेक्ट.

"चौदा वर्षं ड्राफ्ट्समन आहे रे मी," सिल्वेस्टर मला म्हणाला. "बाप्तिस्म्याचं नाव आहे ते. ह्याला इनकरेक्ट म्हणतंय? माझ्याच वाट्यात?"

मला मनातून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? आता माझी पाळी. मास्तरांनी खालच्या वाट्यात विंडोज घालायला दुसरी सीडी लावली. ते बसेना. त्याला पहिली जागाच पाहिजे, दुसरीकडे ते बूड टेकत नाही. "राहू दे मास्तर," मी मोठ्या मनाने म्हणालो. "विंडोज पुढच्या रविवारी. आज नुसती यादी दाखवा. परवा मंगळवार."

मास्तर मासिकाची पानं उलटायला लागले.

"यादी कुठाय?"

"वरच्या भागात होती."

"मग?"

"वरचा भाग ह्यांचा आला."

"मग?"

"त्यात लिनक्स घातलं."

"आणि यादी?"

मास्तरांनी चष्मा काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पाठ वाकलेली मी पाहिली. "नवा भाडेकरू आला की जुना जातोच ना हो," ते म्हणाले.

एकशे त्रेचाळीस घरं आम्ही विधिवत, देवाब्राह्मणाच्या नसली तरी तांडेलांच्या साक्षीने, पुसलेली.

सोमवारी रजा टाकून मी आणि सिल्वेस्टर कचेरीत गेलो. फ्लॉपी होती ना! क्लार्कने आमची फाईल शोधली. सापडली, हे लोक शोधत नाहीत असं मी म्हणणार नाही. अर्ज, त्याखाली नकाशा, त्याखाली फ्लॉपी. तिघांच्या डाव्या कोपऱ्यातून आरपार भोक आणि भोकातून लाल दोरी.

"हे काय केलंत?"

"फायलिंग," क्लार्क म्हणाला. "सुटा कागद चालत नाही."

"हा कागद आहे?"

"सोबत जोडलेलं सर्व कागदच असतं. दाभण जात नव्हतं हो, शिपायाने खिळा तापवून आणला तेव्हा गेलं. तुमच्या एका अर्जासाठी अर्धा तास गेला आमचा." वर त्याने फ्लॉपीच्या धातूच्या पट्टीवर मारलेला आवक शिक्का दाखवला. सुबक आलेला, तारखेसकट.

"मुदत वाढवून मिळेल?" सिल्वेस्टरने विचारलं.

"मिळेल की. अर्ज करा. निर्णय दोन महिन्यांत."

"मुदत उद्या संपतेय."

"म्हणून तर अर्ज करा."

परत येताना कळव्याच्या पुलावर आम्ही दोघं थांबलो. खाली भरती. सिल्वेस्टर म्हणाला, "गुण्या, माझ्या आईचं घर पण जाईल रे." माझ्या बापाचंही जाणार होतं. कुठून सुरू करायचं हा प्रश्न मिटलेला, कारण सुरू करायला काही उरलंच नव्हतं.

उपाय सगुणाने काढला. "दगडामावशीला विचारा की," ती म्हणाली. "गावात एक घर तरी चुकतं का तिला?"

दगडाबाई आमच्या गावची आवतण देणारी. लग्न कुठल्याही टोकाला असो, हातात अक्षता घेऊन घराघरात तीच सांगत फिरते. कुठल्या घरात किती भाऊ, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला आधी सांगायचं आणि कुणाला ओट्यावरूनच, सगळं तिच्या जिभेवर. मी वही काढून तिच्यासमोर बसलो. "मावशी, घरं सांग. पहिलं कुठलं?"

"लगीन कुनाचं?"

"लग्न नाही. नुसती घरं सांग."

ती विचारात पडली. डोळे मिटले, उघडले. "नाय येत रे. बसून नाय येत. चालत असले का पाय सांगतान."

"मग चाल!"

"मोकल्या हातानं?"

सगुणाने तिच्या मुठीत अक्षता दिल्या. दगडामावशी उठली, पदर खोचला आणि निघाली ती थेट गावाच्या मध्यावरून, ना क्रुसापासून ना गावदेवीपासून. मागून वही घेऊन मी. त्यामागून टेप आणि पेन्सिल घेऊन सिल्वेस्टर. मावशी दारात उभी राहायची, घराचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव हाकेत घ्यायची आणि मी लिहायचो. तीन महिन्यांचं काम दोन तासांत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यामुळे मला एक गोष्ट ऐकू आली नाही, असं समजा.

प्रत्येक दारातून विचारत होते, "मावशी, लगीन कुनाचं?" आणि आवतणाच्या बाईने अक्षता देऊन 'ठाऊक नाय' म्हणणं म्हणजे अपशकुन. म्हणून ती बिचारी सांगत होती, "गुणाजीच्या घरचं. बेस्तरवारी हालद. सगल्यांनी यायचं, चुली पेटवायच्या नाय."

एकशे त्रेचाळिसाव्या दारात मला ते ऐकू आलं. तोवर उशीर झालेला.

"मावशी! माझ्या घरात लग्नाचं आहे कोण?"

"ता तू बघ. मी आवतान दिलंय. माजं आवतान आजवर फिरलं नाय."

मंगळवारी यादी हाताने लिहून, चार प्रतींत, कचेरीत दिली. क्लार्कने भोक पाडलं आणि म्हणाला, "गुरुवारी सर्व्हेअर येतील प्रत्यक्ष बघायला. घरं बंद आढळली तर वस्ती नाही असा शेरा जातो. लोकांना सांगून ठेवा."

"काळजी नको," मी म्हणालो. गुरुवार म्हणजेच बेस्तरवार हे माझ्या डोक्यात घरी पोचेपर्यंत शिरलं नाही.

गावाला सांगून पाहिलं. "हळद रद्द," मी म्हणालो. लोक हसले. "गुणाजी लाजतोय," म्हणाले. भिवाजी तांडेल तर म्हणाले, आवतण फिरवणं म्हणजे वाटा फिरवण्याहून वाईट. बुधवारी माझ्या अंगणात मांडव उभा राहिला. बांबू सिल्वेस्टरनेच आणले. "आता सगळे येणारच आहेत," तो म्हणाला, "तर उन्हात कशाला?"

गुरुवारी अकरा वाजता गावातलं यच्चयावत माणूस माझ्या मांडवात. बँजो वाजतोय, हळद वाटलेली, पाट मांडलेला, आणि पाटावर कुणी नाही. कडेला सगुणा माझ्याकडे अशी बघतेय की मीच जाऊन बसावं. आणि गावात सर्व्हेअर फिरतोय. तिशीचा, बारीक, कल्याणचा माणूस. एकेका दाराला कुलूप बघून लिहितोय: बंद, बंद, बंद. अडतिसाव्या घराशी त्याला बँजो ऐकू आला आणि तो आवाजाच्या मागाने मांडवात आला.

"सदतीस घरं बंद आढळली," त्याने कागद वर धरून जाहीर केलं. "म्हणजे वस्ती नाही. असा शेरा जाईल."

"अहो, वस्ती इथे बसलीय ना!" मी ओरडलो. "ही काय! मोजा!"

"मला घरात दिसली पाहिजे. मांडवात दिसलेली चालत नाही. आणि उरलेल्या घरांना माझ्याकडे वेळ नाही, चार वाजता ऑफिस आहे."

बँजो थांबला. चारशे माना सर्व्हेअरकडे वळल्या. सिल्वेस्टर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि खोटं नाही, त्याने माझा हात धरला. दगडामावशी मांडवातून हळूहळू पुढे आली. तिने सर्व्हेअरला वरून खाली न्याहाळला.

"पोरा, लगीन झालंय तुजं?"

"नाही... आई बघतेय," तो म्हणाला. सरकारी माणूस, पण दगडामावशीसमोर खोटं बोलायची कुणाची टाप नाही.

"बसवा गो ह्याला."

पुढचं एवढ्या झटक्यात झालं की पंचनाम्यालाही पुरावा मिळणार नाही. वीसेक बायका उठल्या. एकीने फाईल घेतली, दुसरीने चष्मा काढून जपून खिडकीत ठेवला, आणि तो पाटावर होता. कपाळ, गाल, कोपर, गुडघे. बँजो पुन्हा सुरू. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या आवाडाबाईने गाणं उचललं. सर्व्हेअर 'अहो, अहो' म्हणत होता ते गाण्यात बसलं.

सुटल्यावर तो पिवळाधमक उठला आणि थेट वेशीकडे निघाला. दगडामावशी वाटेत उभी.

"हालद लागलेला मानूस वेशीभायेर जात नाय, पोरा. गेला तं काय व्हतं ता तुज्या आयशीला इचार."

तो थांबला. त्याला ठाऊक होतं. कल्याणमध्येही हेच सांगतात. शिकलेला माणूस ह्यावर हसतो आणि बाहेर मात्र पाऊल टाकत नाही.

"मग... ही उतरवायची कशी?"

"उतरवायची मीच. शेवटलं घर मोजलंस का उतरवते."

आमच्या ठाण्या-कल्याणात सर्व्हे कसा होतो हे मला कुणी शिकवू नये. टपरीवर चहा पीत पीत होतो. आमच्या गावचा तसा झाला नाही. हा माणूस तीन दिवस आमच्याकडे राहिला. सकाळी सिल्वेस्टरकडे नाश्ता, दुपारी आमच्याकडे म्हावरं. मधल्या वेळात पिवळ्या हाताने टेप धरून एकेक घर मोजत होता. दुसरं टोक सिल्वेस्टरकडे, आकडे लिहायला मी. कुलूप दिसलेली सदतीस घरं त्याने पुन्हा उघडून पाहिली, पोटमाळ्यासकट. त्याच्या साहेबाचा वाण्याकडच्या फोनवर फोन आला. "साइटवर आहे," तो म्हणाला, आणि पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की फोन बिघडला असं वाण्याला वाटलं. कचेरीतून कुणी खरंच साइटवर असल्याचं साहेब पहिल्यांदाच ऐकत असावा.

शनिवारी संध्याकाळी एकच घर उरलेलं, माझं. तो उंबऱ्याशी ओणवा होऊन शेवटचं माप घेऊन उठला, एवढ्यात दारात रिक्षा थांबली. सर्व्हेअरची आई. कल्याणहून. कुणीतरी तिला सांगितलेलं की तुझ्या मुलाला खाडीकाठी हळद लागली. हातात साडीची पिशवी, डोळ्यांत पाणी आणि राग निम्मानिम्मा.

"मला न कळवता?" ती मुलाला म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "बरं, झालं ते झालं. मुलगी कुठाय?"

अंगणात पन्नासेक माणसं होती. पन्नासच्या पन्नास जमिनीकडे बघायला लागली. सिल्वेस्टर टेप गुंडाळायला लागला, जी गुंडाळलेलीच होती. माझ्या हातात शेवटचा कागद, खाली सहीची जागा कोरी. सर्व्हेअर आईकडे बघतोय, मग कागदाकडे, मग वेशीकडे.

दगडामावशीने त्या बाईचा हात धरला आणि तिला पाटावर बसवली, त्याच पाटावर.

"बस गो बाय, पानी पी," ती म्हणाली. "आधी त्याला सही करू दे. पोरी काय, एकशे त्रेचालीस घरं हायत."